फायटरच्या माद्या एकत्र ठेवताय? आधी टाकी मोजा



रंगीत मासे पाळणाऱ्या गटांमध्ये फिरताना एक वाक्य नेहमी कानावर येतं, "फायटरचे नर भांडतात, माद्या गरीब असतात." याच भरवशावर आपल्या एका गटातल्या ताईंनी अंतर्गत कर्ज काढून दहा माद्या आणल्या आणि एक फुटाच्या काचेच्या टाकीत सोडल्या. दोन दिवस छान गेले. आठवड्याने मी गेले तेव्हा चारच उरल्या होत्या. हप्ता मात्र पूर्ण दहांचा भरायचा.

"पाणी खराब झालं असेल," असं त्या म्हणत होत्या. झालंच होतं, एवढ्याशा टाकीत दहा मासे म्हटल्यावर होणारच. पण उरलेल्यांच्या अंगावरचे खवले ओरबाडलेले होते, शेपट्या फाटलेल्या होत्या. ही मारामारीच.

फायटर, म्हणजे बेटा मासा, मूळचा थायलंडकडचा. तिथे तो भातखाचरात, गवताळ उथळ पाण्यात राहतो. माद्याही आपापसात पहिली कोण, दुसरी कोण हे ठरवतात. कल्ले फुगवतात, पाठलाग करतात. खाचरात हरलेली मादी गवतात निघून जाते आणि विषय संपतो. एक फुटाच्या टाकीत ती जाणार कुठे? शिवाय हा मासा वर येऊन हवेतलाही श्वास घेतो, त्यामुळे लपून बसली तरी तिला वर यावंच लागतं.

आता हिशोब बघा. एक फूट लांब, रुंद, उंच टाकीत साधारण 28 लिटर पाणी मावतं. त्यात एकच मादी ठेवा, मजेत राहील. एकत्र ठेवायच्याच असतील तर टाकी निदान तीन फूट लांब हवी, म्हणजे 80 लिटरच्या आसपास. आणि दोन-तीन नकोत, पाच-सहा हव्यात. दोघीच असल्या की सगळा मार एकीलाच बसतो. सगळ्या एकाच वेळी सोडा. नंतर आणलेली नवी मादी जुन्यांना चालत नाही. (आपल्याकडे नव्या सुनेचं होतं तसंच!) पाणवनस्पती दाट लावा, करवंट्या, पाइपाचे तुकडे टाका, म्हणजे एकमेकींच्या नजरेआड होता येईल. वर झाकण हवंच, हे मासे उडी मारतात.

एवढं करूनही जमेलच असं नाही. एखादी मादी कोपऱ्यात दबून राहते, खात नाही, अंगावर आडवे पट्टे दिसतात. ती घाबरलेली आहे. तिला त्याच दिवशी बाजूला काढा. त्यासाठी रिकाम्या बरण्या आधीच तयार ठेवा. गावात पाण्यात टीसीएल टाकतात, म्हणून पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच वापरा. शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असतं ना, त्याचं गळून वाळलेलं पान धुऊन बरणीत टाका. या माशाला ते पाणी मानवतं.

विकत घेताना आणखी एक फसगत होते. आखूड पराचा लहान नर मादी म्हणून गळ्यात पडतो. मोठ्या मादीच्या पोटाखाली पांढरा ठिपका दिसतो, तो बघून घ्या.

खरं तर आपल्यासाठी सोपा मार्ग वेगळा आहे. घरीच पिल्लं काढली तर एका वितीच्या बहिणी मोठ्या टाक्यात एकत्र वाढतात आणि बऱ्यापैकी जुळवून घेतात. दोन-तीन महिन्यांत नर भांडू लागले की नरांना काढून वेगवेगळ्या बरण्यांत ठेवायचं, माद्यांना तिथेच राहू द्यायचं. गिऱ्हाईक छोटी टाकी घेऊन आलं तर एकच मादी द्या, कारणही सांगा. चार विकल्या तर त्या दिवशी गल्ला भरेल, पण मेल्यावर ते गिऱ्हाईक परत येणार नाही.

त्या ताईंच्या चार माद्या आता चार बरण्यांत आहेत. दोघींना नवी शेपटी फुटतेय, अजून काचेसारखी पारदर्शक आहे. रंग नंतर येतो.