हप्ता किती टनांचा? : बेताच्या पैशात जीपगाडी निवडताना



बेणे, लागण, खोडवा, खतांच्या मात्रा याविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, तुम्ही रोज शिवारात गाडी घेऊन फिरता. आमच्या भावाला (किंवा जावयाला, किंवा मेव्हण्याला) एक उंच गाडी घ्यायचीय. पैसे बेताचेच आहेत. कुठली घ्यावी?" प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, गाडी शोरूममध्ये पसंत करू नये, घरी कागद-पेन्सिल घेऊन पसंत करावी. घरात माणसे किती, रस्ता कसला, वर्षाला किलोमीटर किती आणि हप्ता किती टन उसाचा, ही चार उत्तरे मिळाली की गाडी जवळजवळ ठरलीच.

एसयूव्ही म्हणजे काय?

आपल्याकडे उंच गाडी म्हटली की ती 'जीप'. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, तेव्हापासून हा शब्द आपल्या तोंडी बसला. पुढे १९९४ मध्ये टाटा सुमो आली, २००० मध्ये बोलेरो आली. या गाड्यांची बांधणी ट्रकसारखी : खाली लोखंडी चासी, तिच्यावर बॉडी आणि ओढ मागच्या चाकांना.

आज 'एसयूव्ही' म्हणून ज्या गाड्या विकल्या जातात, त्यांतील बहुतेक स्वस्त गाड्या तशा नाहीत. टाटा पंच, नेक्सॉन, मारुती ब्रेझा, ह्युंदाई व्हेन्यू, एक्स्टर, निसान मॅग्नाइट या मोटारीच्या बांधणीच्याच, पण उंच केलेल्या गाड्या. ओढ पुढच्या चाकांना. त्या वजनाला हलक्या, चालवायला मऊ आणि तेलाला बऱ्या. चासीवाली गाडी ओझ्याला आणि खाचखळग्यांना टिकते, पण अंग जास्त हलवते. दोन्ही आपापल्या जागी चांगल्या. आपले काम कोणते ते आधी ठरवावे.

चार मीटरची गोष्ट

या गाड्यांची लांबी चार मीटरच्या आतच का, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे कारण कर. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी चार मीटरच्या आत गाड्या बसवायला सुरुवात केली. जीएसटीतही तीच रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. या मापात न बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. त्यापूर्वी लहान पेट्रोल गाडीवर उपकर धरून २९ टक्के आणि लहान डिझेल गाडीवर ३१ टक्के होता.

दोन्ही अटी पाळाव्या लागतात, हे ध्यानात ठेवा. ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत आहे, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते. नेक्सॉनचे १२०० सीसीच्या आतले पेट्रोल इंजिन १८ टक्क्यांत बसते, बोलेरोचे १४९३ सीसीचे डिझेल इंजिनही बसते. ज्याचे पैसे मोजके आहेत, त्याने आधी १८ टक्क्यांच्या गाड्या पाहाव्यात.

शोरूमचा भाव म्हणजे पुरा भाव नव्हे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या गाडीला एकरकमी रस्ता कर पेट्रोलला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के आहे. सात लाखांच्या गाडीला पेट्रोलचे ७७,००० रुपये होतात, डिझेलचे ९१,०००. वर विमा, नोंदणी, फास्टॅग. सात लाखांची गाडी दारात उभी राहीपर्यंत आठ लाखांच्या आसपास जाते. विक्रेता 'ॲक्सेसरीज' म्हणून जे गळ्यात घालतो, ते यात धरलेले नाही.

पहिला प्रश्न : माणसे किती?

आमच्या एका मेव्हण्यांचे उदाहरण घेऊ. अडीच एकर ऊस, चार म्हशी. घरात नवरा-बायको, दोन मुले आणि म्हातारी आई, अशी पाच माणसे. त्यांच्या मनात सात आसनी डिझेल गाडी होती. "पाहुणे-रावळे आले, लग्नकार्य निघालं, तर?" हा त्यांचा सवाल. आम्ही विचारले, वर्षातून असे प्रसंग किती? मोजले तर चार-पाच भरले. त्या चार-पाच दिवसांसाठी बारा महिने मोठ्या गाडीचा हप्ता भरण्यापेक्षा त्या दिवशी भाड्याची गाडी करणे स्वस्त पडते.

दुसरे म्हणजे स्वस्त सात आसनी गाड्यांत मागच्या जागा नीट पाहाव्यात. बोलेरोत मागे आडवे, समोरासमोरचे बाक आहेत. गावातल्या गावात ठीक, पण त्यावर पोरे बसवून हमरस्त्याने लांबचा प्रवास करू नये.

म्हाताऱ्या माणसाला शोरूममध्ये बरोबर न्यावे. मेव्हण्यांच्या आईंचे गुडघे दुखतात. उंच पायरीच्या गाडीत चढताना त्यांना दोन माणसांचा हात लागला, मोटारीच्या बांधणीच्या गाडीत मात्र त्या आपल्या आपण बसल्या. दवाखान्याच्या खेपा त्यांच्याच जास्त, तेव्हा निम्मा निकाल तिथेच लागला.

दुसरा प्रश्न : रस्ता कसला?

जमिनीपासूनची उंची विचारावी. पंचची १८७ मिलिमीटर, नेक्सॉनची २०८, बोलेरोची १८०. म्हणजे दिसायला जीप असलेली गाडी खालून सर्वांत उंच असेलच असे नाही. हे आकडे मोकळ्या गाडीचे असतात. पाच माणसे आणि ज्वारीचे पोते टाकले की गाडी बसते. म्हणून चाचणीला एकटे जाऊ नका. घरचे सगळे बसवा, नि वस्तीच्या रस्त्यावर, पाटाच्या मोरीवरून गाडी नेऊन पाहा.

काळ्या रानातल्या चिखलाविषयी मात्र भ्रम नको. स्वस्त गटातल्या बहुतेक गाड्यांना ओढ दोनच चाकांची. पावसाळ्यात पाणंदीच्या चिखलात त्या मोटारीइतक्याच रुततात. आठवडाभर रोज चिखल तुडवायचा तर त्याला ट्रॅक्टर आहे. वस्तीवर खडी-मुरूम पडला असेल, तर साध्या उंच गाडीचे भागते.

तिसरा प्रश्न : वर्षाला किलोमीटर किती?

डिझेल की पेट्रोल हे इथे ठरते. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडी लिटरला १४ आणि डिझेल गाडी १७ किलोमीटर जाते असे धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये ४३ पैसे, डिझेलचा ५ रुपये ३५ पैसे. बचत २ रुपये ८ पैसे. आता डिझेल गाडी दारात येईपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास, समजा १ लाख २० हजारांनी महाग पडली, तर हा फरक भरून निघायला सुमारे ५८ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला २० हजार फिरणाऱ्याचे तीन वर्षांच्या आत फिटते. मेव्हण्यांचे फिरणे बाजार, दवाखाना, एखादी पंढरपूर-तुळजापूरची खेप धरून आठ हजार. त्यांना सात वर्षे लागली असती.

डिझेलची आणखी एक गोष्ट विक्रेते फारशी सांगत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी जाळी बसली. ती जाळी तापून आपोआप साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वेगाने पळावी लागते. घर ते डेअरी, डेअरी ते घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या खेपांत जाळी तुंबते, दिवा लागतो आणि गॅरेजचे बिल येते. थोडे आणि हळू फिरणाऱ्याने डिझेलच्या नादी लागू नये.

सीएनजी किलोमीटरला स्वस्त पडतो, पण पंप किती लांब आणि रांग किती हे आधी बघा. टाकी बहुधा डिकी खाते. टाटांनी २०२३ पासून दोन लहान टाक्या तळाशी बसवून डिकी मोकळी ठेवली आहे. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

पेट्रोलविषयी एक घरचा मुद्दा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यात आपल्या उसाच्या रसाचा आणि मळीचा वाटा आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग या इंधनाला चालतील असेच केलेले आहेत. त्याआधीची जुनी गाडी घेताना तिच्या माहितीपुस्तकात काय लिहिले आहे ते वाचावे. ॲव्हरेज थोडे कमी पडते, ते हिशेबात धरावे.

चौथा प्रश्न : हप्ता किती टनांचा?

आता मुख्य मुद्दा. व्याज ९ टक्के धरून तीन हिशेब देतो.

८ लाख कर्ज, ७ वर्षे : महिना १२,८७१ रुपये, एकूण व्याज सुमारे २ लाख ८१ हजार.

८ लाख कर्ज, ५ वर्षे : महिना १६,६०७ रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार.

५ लाख कर्ज, ५ वर्षे : महिना १०,३७९ रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार.

लांब मुदतीचा हप्ता गोड दिसतो, पण दोन वर्षे वाढवल्याने ८५ हजार व्याज जास्त जाते. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,७०० रुपये हाती पडतात असे धरा. मधला हिशेब वर्षाला ७४ टन उसाचा होतो, शेवटचा ४६ टनांचा. त्यावर आठ हजार किलोमीटरचे पेट्रोल सुमारे ५९ हजारांचे, म्हणजे २२ टन. विमा, सर्व्हिसिंग, टायरपोटी २५ हजार, म्हणजे ९ टन.

मेव्हण्यांच्या अडीच एकरांत एकरी ४५ टनांनी ११२ टन ऊस होतो. सगळी गाडी कर्जावर घेतली असती, तर ११२ पैकी १०५ टन गाडीनेच खाल्ले असते. मग खत कशातून, मशागत कशातून, पोरांची फी कशातून? हा आकडा कागदावर मांडल्यावर ते स्वतःच म्हणाले, "थांबतो एक हंगाम." थांबून त्यांनी तीन लाख साठवले आणि पाच लाख कर्जावर पाच आसनी, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी घेतली. तेलपाणी दुधाच्या पगारातून निघते. दूध नसते, तर एवढ्या उसावर आम्ही नव्या गाडीचा सल्ला दिलाच नसता. त्यांनी ठिबकसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावला नाही, हे आम्हाला सर्वांत बरे वाटले. ठिबक उत्पन्न वाढवते, गाडी फक्त खर्च वाढवते.

आणखी एक अडचण अशी की, हप्ता दरमहा येतो आणि ऊस वर्षातून एकदा जातो. आडसाली लागण असेल तर दीड वर्ष वाट पाहावी लागते. म्हणून सहामाही किंवा वार्षिक हप्ता मिळेल का, हे बँकेत विचारावे. मिळत नसेल, तर बिल जमा झाल्याबरोबर बारा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. हप्ते थकले की सिबिल बिघडते आणि पुढे विहिरीच्या नाही तर ट्रॅक्टरच्या कर्जाला अडचण येऊ शकते.

जुनी गाडी घ्यावी का?

जरूर घ्यावी, पण डोळसपणे. विकणारा आपल्या जुन्या पावतीवरचा भाव सांगतो. २०२५ च्या करकपातीनंतर नव्या गाडीचा भाव काय आहे, त्याच्याशी ताडून पाहा. आरसी बुक, विमा, थकलेली ई-चलने 'एमपरिवहन'वर तपासा. नाव बदलायला नमुना २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल, तर नमुना ३५ आणि बँकेचा नाहरकत दाखला हातात आल्याशिवाय पुरे पैसे देऊ नका.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी २०१९ आणि २०२१ साली महापूर आले. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या पुसून-धुऊन बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, गाळाची रेघ दिसते का? खालची मॅट उचला, सीटच्या पट्ट्यांना गंज आहे का? ओळखीच्या मिस्त्रीला चार पैसे देऊन बरोबर न्या.

जिवाचा हिशेब

गाळप हंगामात रात्री रस्त्यावर काय असते, हे आम्ही सांगायला नको. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. म्हणून पडद्यावरचे टीव्ही-कॅमेरे आणि छताची काच यांवर पैसे घालण्यापेक्षा धडकेच्या चाचणीतले तारे पाहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू आहे. त्याआधी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१८ मध्ये नेक्सॉनला आणि २०२१ मध्ये पंचला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. २०२४ मध्ये बोलेरो निओला एकच तारा मिळाला. बाहेरून दणकट दिसणे आणि आतल्या माणसाचा जीव वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. पट्टा फुकट आहे.

आपल्या नात्यातला कुणी गाडी घेणार असेल, तर त्याला हा अंक वाचायला द्या. भाव आणि व्याजदर बदलत राहतात, तेव्हा त्या दिवशीचे आकडे घालून हिशेब नव्याने मांडावा. सात-बारावरचा ऊस, अपेक्षित टनेज आणि बँकेचे पत्रक घेऊन गट कार्यालयात आलात, तर आमचे कर्मचारी टनांचा हिशेब मांडून देतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी