पानाचा ठसा, एकच स्टोल: वेगळेपण विकायचं तर आधी रंग टिकवा

सुती कापडावर खऱ्या पानांचे ठसे उमटवून बनवलेला स्टोल. दोन पानं सारखी नसतात, म्हणून दोन स्टोलही सारखे होत नाहीत. घरच्या घरी सुरू होईल असा हा व्यवसाय आहे. हिंगोली जिल्ह्यात कच्चा माल बांधावरच मिळतो: सागाची कोवळी पानं, पळसाची फुलं, डाळिंबाची सालं.

पण पहिला मोह होतो तो हळदीचा. साहजिकच आहे, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तरीही विक्रीच्या कापडाला नुसत्या हळदीचा रंग देऊ नका. हळद उन्हात उडते. शिवाय हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. साबणातही क्षार असतो, म्हणून धुताना हळदीचं कापड तसंच लालसर होतं. ग्राहक एकदा फसला की परत येत नाही. पिवळा रंग हवा असेल तर तुरटी लावलेल्या कापडावर डाळिंबाची साल वापरा. ती हळदीपेक्षा खूप चांगली टिकते.

पद्धत अशी

१. कोरं सुती कापड धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढा.
२. हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवा. मग तुरटीच्या पाण्यात भिजवा. १०० ग्रॅम कापडाला साधारण १५ ग्रॅम तुरटी.
३. ओल्या कापडावर पानं शिरांची बाजू खाली ठेवून मांडा. कापड पाइपवर घट्ट गुंडाळा, सुतळीने करकचून बांधा.
४. दीड ते दोन तास वाफवा. पूर्ण गार झाल्यावरच सोडा.

साग जांभळट-लालसर ठसा देतो. हिराकस वापरला तर रंग काळपट होतो, पण अगदी थोडा घ्या, जास्त झाला तर कापड कमजोर पडतं. हातमोजे घाला. या कामाची भांडी स्वयंपाकाला वापरायची नाहीत. पानं स्वतःच्या शेतातली घ्या, राखीव जंगलातली तोडू नका.

विक्रीआधी ही चाचणी कराच

प्रत्येक नव्या रंगाची पट्टी घ्या. अर्धी पुठ्ठ्याने झाका आणि आठवडाभर उन्हात ठेवा. दुसरी पट्टी साबणाने पाच वेळा धुवा. रंग पास झाला तरच माल बाजारात न्या.

किंमत कशी काढायची?

इथेच बरेच जण मार खातात. धरूया, एका स्टोलला कापड, सामान, इंधन आणि पॅकिंग मिळून ४०० रुपये लागले. तुमची मजुरी ३०० रुपये. झाले ७००. पण १० पैकी २ स्टोल बिघडतात, ते कोण भरणार? १० स्टोलचा खर्च ७,००० रुपये, विकण्यासारखे ८. म्हणजे एक पडला ८७५ रुपयांना. स्टॉलभाडं, प्रवास आणि नफा यासाठी विक्रीकिमतीच्या ३० टक्के ठेवा. किंमत येते १,२५० रुपये. ७०० च्या हिशोबाने ९०० ला विकला, तर एका स्टोलमागे हातात फक्त २५ रुपये उरतात. त्यात स्टॉलभाडंही निघणार नाही!

“एकमेव” म्हणजे काय बदलायचं?

फक्त नक्षी बदलू द्या. कापड, लांबी-रुंदी, शिलाई आणि रंगाचा टिकाऊपणा प्रत्येक वेळी तोच हवा. “सेम असाच द्या” म्हणणाऱ्याला आधीच सांगा, “ताई, याच पानांचा मिळेल, पण ठसा वेगळा येईल.” ऑनलाइन विकताना प्रत्येक नगाचा स्वतंत्र फोटो टाका. सोबत चिठ्ठी द्या: कोणतं पान वापरलं, सावलीत वाळवा, सौम्य साबणाने धुवा.

बचत गटात असाल तर “उमेद”च्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाची चौकशी तालुक्याच्या उमेद कार्यालयात करा. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

सुरुवात ५० स्टोलने नको, ५ पट्ट्यांनी करा. आठवडाभर उन्हात ठेवा, आणि जो रंग टिकेल त्याचाच धंदा करा.