खाऱ्या पाण्यातील श्वेतबिंदुरोग : नाव आणि उपचार

घरातील खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उमटू लागले, की मत्स्यपालक त्या रोगास 'इक' म्हणतात. हा शब्द उसना होय. गोड्या पाण्यातील अशाच रोगाच्या जंतूचे नाव 'इक्थिओफ्थिरिअस' असे असून ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'माशाची ऊ' असा होतो. त्याचेच हे लघुरूप. समुद्रातील जंतू मात्र निराळ्या वर्गातील आहे. त्यास ब्राउन यांनी १९५१ साली 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स', म्हणजे 'क्षोभकारक गुप्तकेंद्रक', असे नाव दिले.

नामसाम्यामुळे उपायांतही गफलत होते. गोड्या पाण्यात मीठ गुणकारी ठरते; समुद्रजलात ते मुळातच असते. शिवाय हा जंतू माशाच्या त्वचेत ३ ते ७ दिवस राहून गळून पडतो, वाळूवर वा दगडावर कोश करतो आणि त्यातून सुमारे २०० पर्यंत नवे जंतू बाहेर पडतात. ठिपके मावळले म्हणजे रोग हटला, असे समजणे म्हणूनच घातक होय.

तांब्याचे औषध केवळ पोहत्या जंतूंना मारते. परंतु प्रवाळ व कोळंबी यांनाही ते मारक असते. यास्तव सर्व मासे वेगळ्या पात्रात नेऊन तेथे ताम्रमात्रा मोजून द्यावी. पोहते जंतू माशावाचून एकदोन दिवसांत मरतात. कोश मात्र कित्येक आठवडे टिकतात. म्हणून मूळ पेटी सुमारे अडीच महिने मत्स्यहीन ठेवणे इष्ट. तीत एकही मासा मागे राहिल्यास सारा खटाटोप व्यर्थ जातो.