पत्र्याला गोल भोक पाडताना

दिवाळीच्या आठवड्यात घरोघर सोऱ्या बाहेर निघतो आणि त्याच्याबरोबर चार-पाच पितळी चकत्याही निघतात. एक चकलीची, एक बारीक शेवेची, एक जाड शेवेची. सोऱ्या तोच, दाबणारा हातही तोच. चकती बदलली की पदार्थ बदलतो. भात्याच्या जुन्या कॅमेऱ्याचे अगदी असेच असते. मागे फिल्म, मध्ये काळा भाता आणि पुढे खाचेत बसणारी एक चौकोनी धातूची पाटी. या पाटीच्या गोल भोकात लेन्स बसवलेली असते. लेन्स बदलायची म्हणजे पाटीसकट बदलायची. जाणकार मंडळी तिला लेन्सबोर्ड म्हणतात. आमच्या घरात तिला पाटीच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरतो.

माझ्याकडचा कॅमेरा अमेरिकेतील ग्राफ्लेक्स कंपनीचा स्पीड ग्राफिक आहे. हा कॅमेरा १९१२ साली प्रथम निघाला आणि १९७३ साली बंद झाला. मधली कितीतरी वर्षे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार हेच धूड खांद्यावर घेऊन धावत असत. १९४५ साली इवो जिमा बेटावर सैनिक झेंडा उभारीत असल्याचे जे जगप्रसिद्ध छायाचित्र जो रोझेन्थालने टिपले, ते याच कॅमेऱ्याने. त्याची पाटी सुमारे चार इंच चौरस असते.

या कॅमेऱ्यासाठी एक लेन्स माझ्याकडे आली ती एका बंद पडलेल्या स्टुडिओतून. १५० मिलिमीटरची जर्मन लेन्स, जपानी कोपल शटरात बसवलेली; काच निर्मळ, शटर घड्याळासारखे चालणारे. तिचा मूळ कॅमेरा पूर्वीच विकला गेला होता. स्टुडिओचे मालक नव्वदीला टेकलेले गृहस्थ. लेन्स माझ्या हाती देताना ते म्हणाले, “दिवाळीत पोरं-नातवंडं सगळी जमणार आहेत. हिनेच आमचा फोटो काढा म्हणजे झालं.” दिवाळीला तीन आठवडे होते. भोक पाडलेली पाटी परदेशातून मागवावी, तर ती तुळशीच्या लग्नालाही पोचेल की नाही याची शंका. एक कोरी पाटी मात्र घरात होती. तेव्हा भोक घरीच पाडायचे ठरले.

भोक पाडण्यापूर्वी ते केवढे पाडायचे हे पक्के माहीत हवे. आधुनिक शटरांची मापे ठरलेली आहेत. कोपलच्या ० नंबरला ३४.६ ते ३४.८ मिमी, १ नंबरला ४१.६ ते ४१.८ आणि ३ नंबरला सुमारे ६५ मिमीचे भोक लागते. जुन्या शटरांना मात्र हे कोष्टक लावू नये. तेथे व्हर्निअर कॅलिपर घ्यावा, शटरच्या मागचे आट्यांचे कडे काढावे आणि प्रत्यक्ष माप घ्यावे. भोक मध्यावरच असते असेही नाही. लिनहोफ टेक्निकाच्या पाटीत ते मध्याच्या जरा खाली असते. म्हणून त्याच कॅमेऱ्याची दुसरी पाटी मिळाली, तर तिच्यावरून खूण करून घेणे उत्तम.

आता एक गोष्ट सांगतो. ती कळली की या कामातली निम्मी धास्ती संपते. नवशिक्याचा सारा जीव भोकाच्या गोलाईत अडकलेला असतो. वास्तविक भोक अर्धा मिलिमीटर बाजूला सरकले किंवा त्याची कड थोडी वेडीवाकडी झाली, तरी चित्राला काही होत नाही. पुढून शटर आणि मागून कडे ती कड झाकून टाकतात. चित्र बिघडते ते पाटीच्या सपाटीत खोट राहिली तर. शटर पाटीवर टेकते ते सुमारे चाळीस मिमीच्या वर्तुळावर. त्याच्या एका बाजूला सात दशांश मिमीचा उंचवटा राहिला, तर लेन्स एका अंशाने कलते. चार-बाय-पाच इंची फिल्मच्या मध्यापासून सहा सेंटिमीटरवर, म्हणजे जवळजवळ कडेला, त्यामुळे फोकस एक मिमी मागे-पुढे जातो. लेन्स ५.६ वर पूर्ण उघडी असेल, तर चालण्यासारखी चूक साधारण अर्ध्या मिमीची. म्हणजे कुटुंबाच्या फोटोत मधले आजोबा स्पष्ट आणि कडेचे जावई धुक्यात! तेव्हा भोक डोळ्यांना गोल दिसले की पुरे. पाटी मात्र आरशासारखी सपाट हवी. पुढची सारी कृती याच एका धोरणाने करायची आहे.

माझी कार्यशाळा म्हणजे गॅलरीतले एक जाड स्टूल, त्याला आवळलेला छोटा शेगडा, विजेचे हातड्रिल आणि तीन कानशी. पाटी ॲल्युमिनियमची, दोन मिमी जाडीची. प्रथम तिच्यावर काळ्या मार्करने रंग दिला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा ओढल्या की छेदतात तो मध्य. तेथे पंचाने बारीक खड्डा केला, कर्कटकाचे एक टोक त्यात ठेवले आणि दुसऱ्या टोकदार पायाने ३४.८ मिमी व्यासाचे वर्तुळ कोरले. त्याच्या आत ३०.८ मिमी व्यासाचे दुसरे वर्तुळ कोरले. या आतल्या वर्तुळावर कोनमापकाने बारा-बारा अंशांवर खुणा केल्या. तीनशे साठाला बाराने भागले की तीस. दर खुणेवर तीन मिमीचे एक भोक पाडायचे. अशी तीस भोके शेजारी-शेजारी पडली, की दोहोंच्या मध्ये धातूचा कागदाएवढा पडदा उरतो आणि बाहेरच्या रेघेपर्यंत अर्धा मिमी कानशीसाठी शिल्लक राहतो.

येथे एक इशारा द्यायला हवा. ड्रिलचे टोक पत्र्याच्या पलीकडे निघता-निघता पत्र्याला पकडते आणि पाटी हातात असेल तर तिचे सुदर्शनचक्र होते. बोटे प्रिय असतील त्याने पाटी दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून शिकंजाने आवळावी. चष्मा लावावा. टोकाला रॉकेलचा थेंब द्यावा; रॉकेल नसेल तर शिवणयंत्राचे तेल. कोरडे ॲल्युमिनियम टोकाला चिकटते आणि भोक फाडते. आणखी एक: भोके पाडून झाल्यावर मधला तुकडा हातोडी-छिन्नीने उडवण्याचा मोह होतो. तो आवरावा. छिन्नीचा प्रत्येक घाव पाटीला थोडा-थोडा वाकवतो. सोनार जाळीकामाला वापरतात तशी तारेएवढी करवत भोकातून घालून ते पडदे एकेक कापावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. चकती आपोआप खाली पडते.

मग कानस. कानस अर्धगोल हवी आणि तिची गोलाई भोकाच्या गोलाईपेक्षा लहान हवी, नाहीतर ती दोन कडांवरच घासते. कानशीवर खडू चोळला की कीस दातांत अडकत नाही. हात पुढे नेताना किंचित वळवायचा, एका जागी थांबायचे नाही, आणि कोरलेली रेघ अर्धी दिसते आहे तोवर थांबून-थांबून माप घ्यायचे. काढलेली धातू परत लावता येत नाही. आमच्या घरातून मधूनमधून विचारणा होत होती, “अहो, एका भोकाला तीन संध्याकाळी?” तीनच लागल्या, हे मी आनंदाने नमूद करतो.

यापेक्षा झटपट मार्ग आहेत. पस्तीस मिमीचा होल सॉ बाजारात मिळतो आणि ० नंबरच्या शटराला तो चालतो. पाटीच्या वर-खाली प्लायवूड आवळून, ड्रिल अगदी मंद चालवून तो वापरावा. वेगाने चालवला तर हिंदकळतो. ज्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ जोडले, त्यांना चासीला भोक पाडणारा स्क्रूचा पंच आठवत असेल. अमेरिकन मापाच्या एक इंची वीजनळीसाठी असलेला तसला पंच सुमारे ३४.६ मिमीचे भोक पाडतो. कोपल ० साठी जणू मुद्दाम केलेला! फ्लाय कटर नावाचे एकहाती पाते मात्र हातड्रिलला कधीही लावू नये. त्याला खांबावरचे ड्रिल यंत्र आणि पक्का शिकंजा हवा. ६५ मिमीचे भोक असेल, तर सरळ लेथवाल्याकडे जावे. चार जबड्यांच्या चकात पाटी धरून तो पाव तासात काम उरकतो. त्यात कमीपणा काही नाही.

भोक झाले म्हणजे पाटी झाली असे नव्हे. त्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी धातूची जी बारीक बोच उभी राहते, तोच आपला खरा शत्रू. ती कानशीने हलकेच उतरवावी. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून, पाटी पालथी घालून तिचा दर्शनी भाग त्यावर गोल-गोल फिरवावा. मग कोऱ्या काचेवर ठेवून चारी कोपरे बोटाने दाबावेत. डुगडुगली नाही तर सपाट. शटरच्या मागे एक बारीक खुंटी असते; ती भोकाच्या कडेला खाच पाडून त्यात बसवावी, नाहीतर तिचा स्क्रू काढावा. माप जुळते का हे पाहताना लेन्सचे पुढचे-मागचे काचभाग शटरातून काढून ठेवावेत, आणि पाटी साबणाने धुतल्याशिवाय शटर तिच्याजवळ आणू नये. ॲल्युमिनियमचा कीस शटरात गेला तर तेच शटर दुरुस्तीला पाठवावे लागते. शेवटी मागच्या बाजूला झळाळी नसलेला काळा रंग द्यावा.

पाडव्याच्या सकाळी त्या गृहस्थांच्या अंगणात एकवीस माणसे दोन रांगांत उभी राहिली. मी मुद्दामच लेन्स ५.६ वर ठेवली आणि दोन फिल्म खर्चल्या. धुतलेली निगेटिव्ह आजोबांनी खिडकीशी धरली, भिंग लावले आणि मधे न पाहता थेट दोन्ही कडा पाहिल्या. जन्मभर स्टुडिओ चालवलेला माणूस! “मोठे जावई आलेत की नीट,” एवढेच म्हणाले.

ज्यांना हे करून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी शेवटची एक परीक्षा सांगतो. पाटी कॅमेऱ्याला लावा, शटर बंद करा, मागची काच काढून डोक्यावर काळे कापड घ्या आणि भात्यात पाहा. दुसऱ्या कोणाला पुढून पाटीच्या चहूबाजूंनी विजेरी फिरवायला सांगा. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटे द्या. प्रकाशाची चांदणी दिसली तर कडे सैल आहे किंवा कड नीट झाकली गेलेली नाही. ते आधी दुरुस्त करा. काहीच दिसले नाही, तर फिल्म भरायला हरकत नाही.