शनिवार तेल्यांचा मुलूख

पेण आणि रोहे ही गावे व्यापारी कुटुंबांना भात, पोहे आणि गणेशमूर्तींमुळे परिचित आहेत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर ही आडनावेही कोकणी कानाला ओळखीची. परंतु या आडनावांची कित्येक घराणी ज्यूधर्मीय, म्हणजे बेने इस्राएल समाजाची आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. हिंदी चित्रपटांतील ‘डेव्हिड’ हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते.

या समाजाची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात जोडपी तेवढी वाचली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे या मंडळींनी गावोगावी तेलाचे घाणे घातले. शनिवार हा विश्रांतिदिन असल्याने त्या दिवशी घाणा बंद असे; म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ज्याने दुकान चालविले आहे त्याने हिशेब करून पाहावा: वर्षातील ५२ दिवसांची कमाई पिढ्यान् पिढ्या सोडून देणे, तेही हाती ग्रंथ नसताना! पर्युषणात व्यवहार आवरता घेणाऱ्यांना या त्यागाचे मोल निराळे सांगावयास नको.

रेवदंड्याचे सिनेगॉग १८४२ चे, अलिबागचे १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे आणि पेणचे ‘बेथ हा-एलोहिम’ १८६३ चे. मुंबईत मात्र पहिले सिनेगॉग त्याआधीच, १७९६ मध्ये, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारले. मांडवीच्या बाजारातील सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांचेच. तेथे उलाढाल करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? नवसफेडीचा त्यांचा ‘मलिदा’ही पोहे, गूळ, ओला नारळ आणि फळे यांचाच, एलियाहू हनाबी या प्रेषिताचे स्मरण करून तो वाटला जातो.

अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात मोरेवियन पंथीयांनी १७६६ मध्ये सेलम वसविले. ‘शांती’ या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून आलेले हे नाव. तेथील जुनी घरे आणि कारागिरांच्या कार्यशाळा जपण्यासाठी १९५० मध्ये संस्था स्थापन झाली. आज त्या परिसरात संग्रहालय आहे. रायगडातील हा वारसा मात्र गावागावांत विखुरलेला असून त्याला तिकीटखिडकी नाही.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील काळात या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. सामूहिक प्रार्थनेस परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. देरासरात कुटुंबे मुंबई-पुण्यास गेली तरी पगारी पुजारी नित्यपूजा करू शकतो. येथे ती सोय नाही. इमारतीला रंग देता येतो, कौले बदलता येतात, परंतु दहावा माणूस निधीतून उभा राहत नाही. जैन समाजास २०१४ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक दर्जा दिला, ज्यूंना महाराष्ट्राने २०१६ मध्ये. त्यामुळे सवलतींचा मार्ग खुला झाला. गावी परतणारी पावले ही निराळी गोष्ट.

पेणहून अलिबागची इस्राएल आळी आणि नवगावचे दफनस्थान एका दिवसात पाहून होते. विश्वस्तांची परवानगी आधी घ्यावी, पुरुषांनी डोके झाकावे आणि शक्यतो रविवारी जावे. शनिवार त्यांचा आहे.