चिमणी : एक शब्द आणि एक कारखाना

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची चिमणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. कंदिलाच्या काचेलाही चिमणीच म्हणतात. हे दोन्ही अर्थ इंग्रजीतून आले. रॉकेलच्या लहानशा दिव्याला, त्यावर काच नसतानाही, चिमणी म्हणणे हा मात्र मराठीने केलेला अर्थविस्तार होय. पक्षिवाचक ‘चिमणी’शी या शब्दाचे केवळ ध्वनिसाम्य आहे.

या शब्दाच्या प्रसारामागे कंदिलाचा व्यवसाय होता. त्याचे ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ आढळते. तेथे 1916 साली ओगले काच कारखाना सुरू झाला. तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना 1908 मध्येच निघाला होता. स्वदेशीची प्रेरणा होती आणि महायुद्धामुळे परदेशी मालाची आवक खुंटली होती. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील लवकरच घरोघरी पोहोचला. चिमणी तडकली की नवी घ्यावी लागे. म्हणून मागणी टिकून राही.

वाळू, सोडा व चुना भट्टीत वितळवून काच करतात. ही भट्टी विक्रीनुसार रोज पेटवता-विझवता येत नाही. ती थंड झाल्यास काचरस थिजतो. त्यामुळे विक्री घटली तरी इंधनाचा खर्च फारसा घटत नाही. त्याच जिल्ह्यातील कोयना प्रकल्पातून 1962 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे चंद्रपूरसारख्या केंद्रांची भर पडली. गावोगाव वीज पोहोचली, तसा कंदिलाचा बाजार आटला आणि अखेर कारखानाही बंद पडला.

मागे ‘ओगलेवाडी’ हे ग्रामनाम राहिले. ‘चिमणी’ आणि ‘कंदील’ हे शब्दही टिकले, कारण ते वापरणाऱ्यांच्या तोंडी होते. भट्टीवरील कारागिरांची परिभाषा मात्र कारखान्याच्या आवारातच वाढते. काम थांबले की ती बोलणारेच उरत नाहीत. वरोऱ्याची जुनी कोळसाखाण 1906 मध्ये बंद झाली. तेथील कामगारांना विचारण्याची वेळ केव्हाच टळली आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्यातील निवृत्त कामगार किंवा गडचिरोलीतील बुरूडकाम करणारे वृद्ध यांना विचारणे अजून शक्य आहे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका व्यवसायातील वीस शब्द जाणकाराकडून ऐकून, अर्थ व उच्चारासह नोंदवा. प्रमाण मराठीत पर्याय नसलेले शब्द वेगळे दाखवा.