यंत्राची जंत्री

लिनक्सचा कर्नल मेमरीत येऊन चालू होतो, तेव्हा आपण कोणत्या बोर्डावर उतरलो आहोत हे त्याला ठाऊक नसते. घरच्या पीसीमध्ये हे फारसे अडत नाही. तिथली बरीच उपकरणे पीसीआय बसवर असतात आणि विचारले की स्वतःची ओळख सांगतात. राउटर किंवा रास्पबेरी पायमधल्या आर्म चिपच्या पोटातली बहुतेक उपकरणे मात्र मुकी असतात. सीरियल पोर्टचा पत्ता आधी माहीत असेल तरच तो सापडतो, आणि भलत्या पत्त्यावर हाक मारली तर कित्येकदा सगळे यंत्रच थिजते. म्हणून कोणीतरी अगोदर जंत्री लिहून ठेवावी लागते.

ती कोणी लिहायची, यावर दोन घराणी आहेत. आर्मवर पूर्वी प्रत्येक बोर्डाची माहिती कर्नलच्याच सी फायलींत कोंबलेली असे. २०११मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड संताप व्यक्त केला आणि ‘डिव्हाइस ट्री’ रुळले. दुसरे घराणे एसीपीआयचे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६मध्ये पीसीसाठी आणले. ६४-बिट आर्मसाठी लिनक्सने ते २०१५मध्ये, ४.१ या आवृत्तीत स्वीकारले. डिव्हाइस ट्री उपकरणाचे वर्णन करते, पण त्याला वीज आणि क्लॉक कसे पुरवायचे हे ड्रायव्हरला कळावे लागते. एसीपीआय ते काम छोट्या बाइटकोड-प्रोग्रॅममध्ये झाकून ठेवते. कर्नल फक्त ‘चालू हो’ म्हणतो. बोर्ड विकल्यावर पाच वर्षांनी आलेली कार्यप्रणालीही त्यावर चालावी, ही सर्व्हरवाल्यांची गरज यातून भागते.

आर्म बोर्डांवर सर्रास आढळणारा बूटलोडर म्हणजे यू-बूट. एसीपीआयचे तक्ते रचण्याची सोय त्यात आधी इंटेल जातीच्या प्रोसेसरांसाठी होती. ती आर्मवर आणण्याचे काम मला उद्बोधक वाटते, कारण पीसीची किती गृहीतके त्यात मुरली होती ते तिथे उघडे पडते. जुन्या पीसीत कर्नल मेमरीचा एक ठरावीक पट्टा चाळून मूळ नोंद शोधतो. तिची खूण आठ अक्षरांची असते आणि आठवे अक्षर म्हणजे कोरी जागा! मुद्रितशोधकाने ती काढली तर यंत्र सुरूच व्हायचे नाही. आर्मवर असा पट्टाच नाही, त्यामुळे मूळ नोंदीचा पत्ता यूईएफआयच्या यादीतून हाती द्यावा लागतो. तिच्यापासून पुढचे तक्ते गवसतात. बहुतेक तक्त्यांना ३६ बाइटांचे शीर्षक असते, आणि तक्त्यातल्या सगळ्या बाइटांच्या बेरजेला २५६ने भागल्यावर बाकी शून्य उरावी लागते. ही साधी युक्ती दोन्हीकडे सारखीच.

मजकूर मात्र नवा लिहावा लागतो. एका तक्त्यात प्रत्येक गाभा आणि इंटरप्ट वाटणारा घटक, दुसऱ्यात टायमर. खरी अडचण गाभ्यांपाशी येते. रास्पबेरी पाय ४मध्ये चार गाभे आहेत. सुरुवातीला कर्नल एकावरच धावतो, उरलेले तीन झोपलेले असतात. मूळ फर्मवेअरच्या व्यवस्थेत ते मेमरीतल्या एका जागेकडे डोळे लावून बसतात. तिथे पत्ता लिहिला की उठतात. ही पद्धत एसीपीआयच्या तक्त्यात सांगता येत नाही. तिथे सहसा ‘पीएससीआय’ लागते, म्हणजे गाभा उठवण्याची विनंती ऐकणारा एक पहारेकरी प्रोग्रॅम खालच्या थरात हजर हवा. तो बसवला नाही, तर जंत्रीत चार नावे बिनचूक असूनही काम एकटाच करतो.

एवढे करून दोन्ही जंत्र्या एकदम हाती दिल्या, तर आर्मवरचा लिनक्स भरलेली डिव्हाइस ट्री पाहून तिलाच मानतो आणि एसीपीआय बाजूला ठेवतो. बूट करताना ‘एसीपीआय=फोर्स’ लिहिले तर तो वळतो. मला हा पक्षपात रास्त वाटतो. डिव्हाइस ट्रीत नुसती माहिती असते. एसीपीआयचा बाइटकोड कर्नलच्या पोटात, त्याच्याच अधिकाराने चालतो, आणि तो लिहिणारा बोर्डाचा निर्माता असतो.